आधी फावडं, मग थापी

वाचक लिहितात:

“आम्ही ठाण्याला असतो. कुडाळजवळच्या गावात सासऱ्यांचं चिऱ्याचं कौलारू घर आहे, सत्तरेक वर्षांचं. बाहेरून ३० बाय २४ फूट, भिंती सव्वा फूट जाड. सासरे गेल्यापासून चार वर्षं बंद होतं. एक आड एक शनिवार-रविवार आणि मे महिन्यातली रजा धरून ते आम्ही दोघांनीच, जमेल तेवढं हातानं नीट करायचं ठरवलंय. गेल्या दिवाळीनंतर माजघराचा जुना गिलावा पाडून सिमेंटचा करून घेतला, वर वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात दिले. या पावसात कंबरेपर्यंत पोपडे आले आणि पांढरी पूड पडायला लागली. दोन वाशांच्या टोकांना स्क्रू ड्रायव्हर टोचला तर आत गेला. गवंडी म्हणतात, ‘पाडा नि स्लॅब घाला, कशाला खर्च करताय?’ नवऱ्याचं म्हणणं, आधी छप्पर. माझं म्हणणं, आधी संडास-बाथरूम, नाहीतर राहायचं कुठं? खाली टाइल्स घालायच्याच आहेत. रंगाचे वीस लिटरचे दोन डबे शिल्लक आहेत. सुरुवात कुठून करू?”

उत्तर:

तुमच्या वादात आम्ही दोघांच्याही बाजूचे नाही. सुरुवात अंगणातून करा. छपराला हात लावायच्या आधी घराच्या चारही बाजूंची माती उतरवा. माजघरातले पोपडे रंगातून आलेले नाहीत, गिलाव्यातूनही नाहीत. ते बाहेरच्या मातीतून आलेत.

होतं ते असं. जुन्या घराचं जोतं बांधताना अंगणापेक्षा दीड-दोन फूट वर असतं. मग सत्तर वर्षं दर पावसाळ्यानंतर अंगणात माती पडते, चोपली जाते, सारवली जाते. एखाद्या वर्षी कुणीतरी सिमेंटचा कोबा करतो, त्यावर पेव्हर बसवतो. अंगण वर येतं, जोतं खाली बुडतं. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या मुळाशीच मुरतं. चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र, त्याच्या दर्जा (सांधे) मातीच्या किंवा चुन्याच्या. ओल त्यातून वर चढते. पूर्वी ती चुन्याच्या गिलाव्यातून आणि सारवलेल्या जमिनीतून उडून जायची. तुम्ही भिंतीवर सिमेंट चढवलं आणि त्यावर रबरासारखा रंग. आता पाण्याला आतून वाट नाही, म्हणून ते आणखी वर चढतं. येताना मातीतले क्षार घेऊन येतं. पाणी उडतं, क्षार रंगामागे उरतात, त्यांचे स्फटिक होतात, फुगतात आणि रंग ढकलून देतात. ती पांढरी पूड म्हणजे लोणा. टाइल्स घातल्या असत्या तर जमिनीखालची ओलही भिंतीतच गेली असती आणि रेघ खांद्यापर्यंत आली असती. त्या घालायचं थांबवा.

रंगवाल्याच्या दुकानात “याच्यावर अजून भारी कोटिंग आहे” असं सांगतील. भारी कोटिंग म्हणजे भारी पोपडा.

कामाला लागण्याआधी दोन सोप्या गोष्टी. माजघराच्या प्रत्येक भिंतीवर ओलीची वरची रेघ जिथं दिसते तिथं पेन्सिलीनं खूण करा, जमिनीपासूनचं माप आणि तारीख लिहा. दर महिन्याला नवी खूण. रेघ उतरतेय की नाही हे नजरेला कळत नाही, खुणेला कळतं. दुसरं, अॅल्युमिनियम फॉइलचा फूटभर चौकोन ओलीच्या पट्ट्यात चारही कडांनी टेप मारून चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूला धरले तर हवेतली. हे जुलैत करू नका, कोकणात तेव्हा लोखंडी कपाटालाही घाम येतो. नोव्हेंबरात करा.

आता फावडं. भिंतीपासून तीन फुटांचा पट्टा घराभोवती सहा इंच खाली न्यायचा आहे. आधी एका कोपऱ्यात जोत्यालगत हाताएवढा खड्डा काढून बघा: जुन्या अंगणाची पातळी कळते, तिथं चिऱ्याचा रंग बदलतो आणि बहुतेक ठिकाणी जोत्याचा थर इंच-दोन इंच पुढे आलेला असतो. त्या पातळीपर्यंतच जा, पाया उघडा पाडू नका. असल्या घरांचा पाया उथळ असतो. तुमच्या मापाच्या घराला हे साधारण १८० घनफूट, म्हणजे पावणेदोन ब्रास माती. मोकळी झाली की फुगते, तेव्हा पाचशेच्या आसपास घमेली धरा. दोघांनी दमानं केलं तर तीन-चार शनिवार-रविवार. कुठे सिमेंटचा कोबा किंवा पेव्हर भिंतीला टेकले असतील तर निदान दोन फुटांचा पट्टा तोडून काढा, बाकी राहिलं तरी चालेल.

उतार भिंतीकडून बाहेर, दर पाच फुटांना किमान एक इंच. पाणसळ नसेल तर पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळीत पाणी भरून तोच हिशेब निघतो. पागोळ्या जिथं पडतात त्या रेषेखाली चर काढा, फूट रुंद, फूट खोल, तोही उतारात, आणि शेवट परड्यात किंवा पाणंदीत सोडा. शेजाऱ्याच्या कुंपणात नको, त्यातून उभी होणारी भांडणं घरापेक्षा जास्त टिकतात. चरात खडी भरून तो झाकावा असं बरेच सांगतात. आमचं मत उघड्या चराचं. फणस-आंब्याची पानं एका पावसात खडी बुजवतात आणि बुजलेली दिसत नाही; उघडा चर खराट्यानं दहा मिनिटांत साफ होतो. तळाला काळे दगड बसवा, जांभ्याचे तुकडे नकोत, ते पाण्यात झिजतात.

माती आणि जुन्या चिऱ्यांचे ढीग हलवताना हातमोजे, गुडघ्यापर्यंत बूट आणि आधी काठीनं ठोकणं. फुरसं हा विषारी साप अशाच दगडांच्या फटीत असतो आणि अंगावर येईपर्यंत दिसत नाही. कौलांच्या थप्प्यांचंही तेच, तिथं विंचू.

माती उतरली की माजघरातला सिमेंटचा गिलावा काढा. हातोडीच्या दांड्यानं ठोकत जा. जिथं पोकळ, डब्यासारखा आवाज येतो तिथून तो सुटलेला आहे. ओलीच्या रेघेच्या वर आणखी दीड फूट तरी काढायचाच, चांगला दिसत असला तरी, कारण क्षार तिथवर पोचलेले असतात. छिन्नी आडवी धरा, ब्रेकर मशीन वापरू नका; मातीच्या दर्जांची भिंत हादऱ्यानं आतून सुटते. नंतर दर्जा पाऊण इंच खोल खरवडून काढा. क्षार कोरड्या ताठ ब्रशनं झाडा, खाली प्लॅस्टिक अंथरून गोळा करा आणि घरापासून लांब टाका. धुवू नका. धुतलं की क्षार विरघळून पुन्हा चिऱ्यात शिरतात आणि सगळी मेहनत फुकट.

मग भिंत उघडी ठेवा. किती दिवस? ठोकताळा असा की जाडीच्या दर इंचाला एक महिना, दोन्ही बाजू उघड्या असल्या तर त्याच्या निम्मा. तुमची भिंत पंधरा इंची. म्हणजे सात-आठ महिने. नोव्हेंबरात काढलात तर जून उजाडतो, आणि तेव्हा गिलावा करून तो पावसात घालण्यात अर्थ नाही. थोडक्यात, माजघराचा गिलावा पुढच्या दिवाळीनंतर. हे ऐकून तुमचा हिरमोड होईल, पण एक पावसाळा उघड्या चिऱ्यावर काढल्यानं तुमच्या चराचं काम खरं की खोटं हेही कळेल. तोवर माजघरात आल्यागेल्याला उघडा चिरा दाखवा. शहरात त्यासाठी लोक पैसे मोजतात.

छपराबाबत तुमचा नवरा निम्मा बरोबर आहे: ते याच हंगामात व्हायला हवं, फक्त पहिलं नाही. फेब्रुवारी ते एप्रिल. वळवाचे पाऊस मेच्या मध्यापासून कधीही येतात, तेव्हा शेवटचं कौल एप्रिलअखेर बसलेलं असावं.

स्क्रू ड्रायव्हर टोकांनाच आत गेला, हे नेहमीचं. वाशाचं टोक भिंतीत गाडलेलं असतं, तिथं ओल अडते. सगळे वासे तपासा: तिन्ही बाजूंनी टोचा, दर फुटाला. पाव इंचापेक्षा जास्त आत गेला तर तो भाग गेला. मधला भाग ठणठणीत असेल तर अख्खा वासा बदलायची गरज नाही. कुजका भाग पूर्ण कापून टाका, शेजारी त्याच उंचीचा नवा तुकडा जोडा. चांगल्या लाकडावर निदान तीन फूट चढलेला, १२ मिमीचे चार बोल्ट, एका सरळ रेषेत नव्हे तर वरखाली, दोन्ही बाजूंना रुंद वॉशर. एका रेषेत भोकं पाडली की लाकूड त्याच रेषेत फाटतं. लाकूड किंदळ, ऐन किंवा जुना साग. वखारीतून आलेलं ओलं लाकूड नको, ते वाळताना बोल्ट सैल करतं. नवं टोक भिंतीत गाडताना भोवती अर्धा इंच मोकळी जागा ठेवा, ती सिमेंटनं भरू नका, नाहीतर वीस वर्षांनी कुणीतरी पुन्हा स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभा असेल.

हे काम सुताराचं आहे. तुम्ही मदतनीस. एका वेळी दोन-तीनच वासे मोकळे करायचे आणि त्याआधी आढ्याला व वाशांना खालून टेकू. कौलं उतरवताना दोन्ही पाखांवरून (छपराच्या उतरत्या बाजूंवरून) सारखी उतरवा. एक पाख पूर्ण मोकळी आणि दुसरीवर दोन टन, असं झालं तर आढं एका बाजूला कलतं आणि मातीच्या दर्जांच्या भिंतीचा माथा त्याच्याबरोबर.

दोन टन हा आकडा हवेतला नाही. वळचण अडीच फूट आणि उतार तीस अंशांच्या आसपास धरला तर तुमच्या दोन्ही पाखा मिळून सुमारे ११७० चौरस फूट भरतात. मंगलोरी कौलं चौरस मीटरला पंधरा, म्हणजे १६३५ च्या आसपास. फूटतूट धरून १८००. एकेक कौल अडीच किलोच्या जवळ, तेव्हा सगळी मिळून चार टनांच्या वर. आता गवंड्याच्या स्लॅबचा हिशेब बघा. पाच इंची स्लॅब चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जातो. कौलं लाकडासकट साठ-सत्तर. मातीच्या दर्जांवर उभ्या चिऱ्याच्या भिंतीवर चार-पाच पट वजन टाकायचं तर खांब-तुळयांचा नवा सांगाडाच उभारावा लागेल, म्हणजे घर उरत नाही. गवंडी खोटं बोलत नाहीत, ते वेगळ्या घराबद्दल बोलताहेत.

कौलं उतरवल्यावर प्रत्येक बोटाच्या पेरानं वाजवा. भरीव कौल घंटेसारखं खणखणतं, तडा असला की बद्द आवाज. चांगली कौलं ताठ ब्रशनं घासून शेवाळ काढा, खाचांमधली माती विशेषतः. गळतीचं निम्मं कारण फुटकं कौल नसतं, खाचेत अडलेलं पान असतं. पाठीवर कारखान्याचा शिक्का असेल तो बघून गट करा. बासेल मिशननं १८६५ साली मंगळूरला कौलांचा पहिला कारखाना काढला, त्यानंतर किनाऱ्यावर कितीतरी निघाले आणि प्रत्येकाचा साचा केसभर वेगळा. दोन साच्यांची कौलं एका ओळीत बसवली की खाच नीट अडकत नाही आणि वाऱ्याच्या पावसात तिथूनच पाणी आत येतं. म्हणून जुनी सगळी एका पाखेला, नवी सगळी दुसऱ्या पाखेला. पुढीलदारी जुनी ठेवा, शोभतात.

रिपांमधलं, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांमधलं अंतर कुणाच्या तोंडी मापावर घेऊ नका. अंगणात सहा कौलं एकाखाली एक मांडा. आधी एकमेकांत घट्ट सारून पहिल्याच्या वरच्या कडेपासून सहाव्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा, मग खाच सुटणार नाही इतपत ओढून पुन्हा मोजा. दोन्ही मापांची सरासरी काढून पाचानं भागा. ते तुमच्या कौलाचं अंतर, बहुतेक बारा-तेरा इंचांच्या मध्ये येईल. दोन्ही गटांसाठी वेगवेगळं काढा. हे अर्ध्या तासाचं काम चुकवलं तर आढ्याजवळ शेवटची ओळ बसत नाही, मग कौलं फोडून बसवावी लागतात आणि ती जागा कायमची गळते.

वर चढणं तुम्ही टाळलंत तर बरं. चढावंच लागलं तर आढ्यावर अडकवलेली शिडी आणि कमरेला दोर, आणि पाय नेहमी वाशाच्या रेषेत, कौलाच्या खालच्या कडेवर, मध्यावर नाही.

कौलांऐवजी रंगीत पत्रे घालावेत का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण गावात सगळे तेच सुचवतील. एका कारणासाठी आम्ही त्यांना दोष देत नाही: वांदर. टोळी रोज छपरावरून जात असेल तर कौलांचं छप्पर दर वर्षी चाळावं लागतं. आधी छपरावर झुकलेल्या फांद्या छाटा. तरीही त्रास गेला नाही तर वाशांवर पत्रा, पत्र्यावर उतारानं उभ्या पट्ट्या, त्यावर आडव्या रिपा आणि त्यावर कौलं, असं करता येतं. उभ्या पट्ट्या गाळू नका. त्यांच्याविना आत आलेलं पाणी आडव्या रिपेला अडून राहतं आणि रिपा तीन-चार पावसात कुजतात. नुसता पत्रा घातलात तर उन्हाळ्यात दुपारी माजघरात बसवणार नाही, आणि हलका असल्यानं वादळी वाऱ्यात तो उचलला जातो, म्हणून वासे भिंतीला पट्ट्यांनी जखडावे लागतील.

कीड कुठली आहे ते ओळखूनच औषध. लाकडावर मातीची वाट चढलेली दिसली तर वाळवी, ती जमिनीतून येते. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली मैद्यासारखा बारीक भुसा पडत असेल तर लाकूड पोखरणारा भुंगा, तो लाकडातच असतो. भुंग्यासाठी दहा लिटर कोमट पाण्यात ४५० ग्रॅम टाकणखार आणि ३०० ग्रॅम बोरिक पावडर पूर्ण विरघळवा, घासून स्वच्छ केलेल्या उघड्या लाकडाला ब्रशनं दोन हात, पहिला सुकायच्या आत दुसरा. हे पाण्यात धुऊन जातं, म्हणून फक्त छपराखालच्या लाकडाला. वळचणीबाहेरच्या टोकांना काजूच्या टरफलांचं तेल लावा, कोकणात होड्यांनाही लावतात. त्वचेला लागलं तर फोड येतात, तेव्हा लांब बाह्या आणि रबरी मोजे, आणि हात लागेल अशा खांबाला मुळीच नको. वाळवीसाठी जोत्यालगत जमिनीत औषध सोडणं हे परवानाधारक माणसाचं काम. त्याला पहिल्या फोनवरच विहीर किती फुटांवर आहे ते सांगा. जांभ्याच्या जमिनीतून औषध विहिरीत पोचायला वेळ लागत नाही.

आता तुमचं संडास-बाथरूम. राहण्यासाठी ते लागणारच, तेव्हा माती उतरवण्याच्या जोडीला, डिसेंबरपर्यंत करून घ्या, पण घरात नको. जुन्या भिंतीला चिकटलेलं बाथरूम म्हणजे बारा महिन्यांचा पावसाळा. मागीलदारी, घराच्या भिंतीपासून निदान तीन फूट सोडून स्वतःच्या चार भिंतींवर, मध्ये कौलाची छोटी पडवी. इथं सिमेंट, टाइल्स, सगळं खुशाल. शोषखड्डा विहिरीपासून साठ फुटांच्या आत नको आणि जमिनीच्या उतारात विहिरीच्या खालच्या अंगाला हवा. शेजाऱ्याची विहीरही मोजा.

वायरिंगबद्दल एवढंच की जुनी तार ठेवू नका आणि स्वतः करू नका. दिव्यांना दीड, प्लगला अडीच, गिझरला चार चौरस मिमीची तांब्याची तार, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की प्रवाह तोडणारा स्विच) आणि नवीन अर्थिंग, एवढं इलेक्ट्रिशियनला लिहून द्या. चिऱ्यात आडव्या खाचा मारू देऊ नका. पाइप भिंतीवरून नेलेला दिसला तर दिसू दे.

जमीन. ओटी-माजघरात टाइल्सऐवजी शहाबादी. सहा-आठ इंच खोदा, माती चोपा, चार इंच काळ्या दगडाची भर, त्यावर चुना-विटकरीचा थर दोन-तीन इंच, वर फरशी आणि तिच्या दर्जा चुन्यानं भरलेल्या. खाली प्लॅस्टिक कागद अंथरायचा नाही. का ते आता सांगायला नको. एखादी खोली सारवलेलीच ठेवलीत तर आमची हरकत नाही, पण दर पंधरा दिवसांनी सारवायला तुम्ही ठाण्याहून येणार का, हे आपसात ठरवा.

पुढच्या दिवाळीनंतरच्या गिलाव्याची तयारी मात्र आधीपासून करता येते, कारण चुना जितका मुरेल तितका चांगला. शंभर चौरस फुटांना, अर्धा इंच जाडीत, दर्जांसकट, साधारण पाच घनफूट वाळू आणि ४५ ते ५० लिटर मुरलेला चुना लागतो. तेवढ्यासाठी चांगला कळीचा चुना २५ किलोच्या आत पुरतो. तो विरवताना लोखंडी पिंप अर्धं पाण्यानं भरा आणि चुना थोडा थोडा पाण्यात टाका. उलटं, म्हणजे चुन्यावर पाणी, कधीही नाही; उसळून तोंडावर येतं. डोळ्यांना बंद चष्मा, जवळ स्वच्छ पाण्याची बादली, मुलं नि कुत्री लांब. प्लॅस्टिकचं पिंप वितळतं. गाळून घेतलेला चुना वर दोन बोटं पाणी ठेवून निदान महिनाभर झाकून ठेवा. पुढचा पावसाळाभर राहिला तर उत्तमच.

वाळू नदीची किंवा खडीच्या क्रशरची धुतलेली. खाडीची वाळू स्वस्त मिळेल, दारात आणून टाकतील. घेऊ नका. तिच्यातलं मीठ तुम्ही स्वतःच्या हातानं भिंतीत भराल, आणि पावसाळ्यात मिठाच्या बरणीत जे होतं तेच भिंतीचं होईल.

जमिनीपासून तीन फुटांपर्यंत एक भाग चुना, एक भाग विटकरीची बारीक पूड, दोन भाग वाळू. त्याच्या वर एकास तीन, चुना आणि वाळू. पूड कमी भाजलेल्या, नखानं ओरखडा उठणाऱ्या विटांची. काळपट जळक्या विटांची पूड चुन्याशी जमत नाही. “पकड यावी म्हणून थोडं सिमेंट टाकू” असं गवंडी म्हणतीलच. नाही म्हणा. आदल्या संध्याकाळी भिंत भिजवा, सकाळी पुन्हा पाणी शिंपडा, मग पहिला थर अर्ध्या इंचापेक्षा जाड नाही. तो अंगठा दाबल्यावर ठसा उमटेल पण बोट आत जाणार नाही इतपत घट्ट झाला की लाकडी रंध्यानं दाबून घ्या. याच वेळी बारीक तडे दिसतात आणि याच वेळी ते दाबून बुजतात. दुसऱ्या दिवशी नाही. खिडक्यांना ओली गोणपाटं टांगा, आठ-दहा दिवस दिवसातून दोनदा फवारा. आठवड्यानं दुसरा थर, पाव इंचाहूनही पातळ. तुम्ही शनिवार-रविवारीच येणार असाल तर गिलाव्याच्या त्या पंधरा दिवसांची रजा आत्ताच टाकून ठेवा. मधल्या दिवसांत फवारा चुकला की चुना सुकतो, धरत नाही, आणि हात फिरवला की वाळू हाताला येते. वर रंग म्हणजे चुन्याची सफेदी, दुधाइतकी पातळ, चार हात, प्रत्येकाच्या मध्ये एक दिवस. चिमूटभर नीळ घातली तर पांढरा उठून दिसतो.

बाहेरच्या भिंतींना गिलावाच नको. फक्त दर्जा भरा, त्याही चुन्यानं. सिमेंटच्या दर्जा चिऱ्यापेक्षा कडक होतात, मग चिरा झिजत जातो आणि दर्जा जाळीसारख्या पुढे येतात. गावात असली घरं दिसतील. नैर्ऋत्येच्या भिंतीवर पाऊस थेट मारत असेल तर त्या बाजूला पावसाळ्यापुरती नारळाच्या झावळ्यांची झापं बांधा, जुने लोक बांधत तशी.

एक कागदाची बाब. घर सासऱ्यांचं होतं, ते आता कुणाकुणाच्या नावावर आहे? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नाव असणं म्हणजे मालकी नव्हे, तो घरपट्टीचा उतारा. दीर-नणंदा, चुलते सामाईक असतील तर नवं बाथरूम बांधण्याआधी त्यांची लेखी संमती आणि ग्रामपंचायतीची परवानगी घ्या. गिलाव्याला कुणी विचारत नाही, नवीन भिंत दिसली की सगळ्यांना हिस्सा आठवतो.

शिल्लक डबे दुकानदार परत घेत असेल तर देऊन टाका. नाहीतर बाथरूमच्या बाहेरच्या भिंतींना वापरा, तिथं ते कामाचे आहेत. आणि मार्चच्या सुरुवातीला पेन्सिलीच्या खुणांची मापं आम्हाला कळवा, चारही भिंतींची. रेघ वीतभर तरी उतरली नसेल तर चर कुठेतरी अडलाय किंवा एखाद्या बाजूची माती राहिलीये. ते गिलाव्याच्या आधी शोधावं लागेल.